सँडो बनियनचा सँडो नेमका कोण? हलके डंबेल्स विकणाऱ्या, पण जड वजनावर घडलेल्या पैलवानाची गोष्ट

बिनबाह्यांची बनियन घ्यायला दुकानात गेलो की आपण सँडो मागतो. शेतात, तालमीत, उन्हाळ्यात ओट्यावर बसलेल्या आजोबांच्या अंगात, सगळीकडे सँडोच. पण सँडो हे कंपनीचे नाव नाही आणि कापडाचेही नाही. तो एक माणूस होता. आज गावोगावच्या जिममध्ये भिंतीवर ज्या बॉडीबिल्डरांचे फोटो लावलेले असतात, त्या सगळ्यांचा हा मूळ पुरुष. पूर्ण नाव युजेन सँडो.

त्याच्या आयुष्यात एक गाठ आहे. जिमला जाणाऱ्या प्रत्येक पोराने ती समजून घ्यावी. सँडोने जगाला व्यायामाचा जो तक्ता विकला, त्या तक्त्यावर त्याचे स्वतःचे अंग तयार झालेले नव्हते.

सर्कशीतून तालमीत

सँडोचा जन्म २ एप्रिल १८६७ चा, प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरातला. हे शहर आज रशियात आहे आणि त्याला कॅलिनिनग्राड म्हणतात. खरे नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण किरकोळ, अशक्त होतो आणि वडिलांबरोबर इटलीला गेल्यावर तिथले जुने दगडी पुतळे पाहून अंग कमावायची जिद्द धरली, असे तो पुढे सांगत असे. यात खरे किती आणि जाहिरात किती, यावर त्याचे चरित्रकार आजही शंका घेतात. कारण अशक्त पोराचा पैलवान झाला, ही गोष्ट त्याच्या धंद्याला फार उपयोगी पडली.

अठरा-एकोणीस वर्षांचा असताना सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी त्याने देश सोडला. सर्कशीत कसरती करत तो गावोगाव फिरला. सर्कस बंद पडली की उपाशी राहायची पाळी यायची. असा फिरत फिरत तो बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला आला आणि तिथे त्याला वस्ताद भेटला.

या वस्तादाचे नाव लुडविग डुरलाखर. लोक त्याला प्रोफेसर अटिला म्हणत. तो स्वतः ताकदीचे खेळ करायचा आणि तालीमही चालवायचा. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच व्यायामशाळांत हलक्या लाकडी डंबेल्सवर कवायतीसारखा व्यायाम चाले. जड वजन उचलले की माणूस आखडतो, मंद होतो असा समज होता. अटिलाचे म्हणणे उलटे होते. त्याने सँडोला जड बारबेल धरायला लावली.

त्या वेळच्या बारबेलला आजच्यासारख्या प्लेट नव्हत्या. दांड्याच्या दोन टोकांना गोळे असत. काही गोळे पोकळ असत आणि त्यात वाळू किंवा शिशाच्या गोळ्या भरून वजन वाढवता येई. आज जेवढे उचलले त्यापेक्षा थोडे जास्त पुढे उचलायचे, हा साधा नियम. सँडोचे दंड, छाती, पाठ या कामावर तयार झाली. एका-दोन महिन्यांत नव्हे, वर्षांच्या मेहनतीने.

लंडनचा आखाडा

१८८९ साली लंडनमध्ये चार्ल्स सॅम्पसन नावाचा ताकदवान गडी रोज खेळ करायचा. त्याच्या जोडीला सायक्लॉप्स नावाचा चेला होता. चेल्याला हरवाल तर १०० पौंड आणि मला हरवाल तर ५०० पौंड, असे सॅम्पसनने जाहीर करून ठेवले होते. बरेच दिवस कुणी पुढे येईना. अटिलाने ही बातमी ऐकली आणि आपल्या पठ्ठ्याला लंडनला आणले.

सँडो फार उंच नव्हता, पाच फूट नऊ इंचांच्या आसपास. अंगात कोट घातला की तो चारचौघांसारखा दिसायचा. त्यामुळे तो स्टेजवर चढला तेव्हा लोकांना गंमतच वाटली. कोट काढल्यावर मात्र सभागृह गप्प झाले. आधी सायक्लॉप्स हरला. मग २ नोव्हेंबर १८८९ ला रॉयल अ‍ॅक्वेरियममध्ये खच्चून भरलेल्या गर्दीसमोर सॅम्पसनही हरला. एका रात्रीत सँडोचे नाव सगळ्या लंडनला माहीत झाले.

पण तो कायम जिंकत गेला असे नाही. पुढच्याच वर्षी, १८९० च्या डिसेंबरात, हर्क्युलिस मॅककॅन नावाच्या पैलवानाशी झालेल्या स्पर्धेत पंचांनी निकाल सँडोच्या विरोधात दिला. सँडो पुन्हा वजनांकडे वळला. १८९१ साली त्याने एका हाताने २६९ पौंड, म्हणजे सुमारे १२२ किलो वजन डोक्यावर नेल्याची नोंद आहे. ही उचल वेगळी असते. वजन खांद्याशी आणायचे, मग अंग बाजूला वाकवत वाकवत वजनाखाली जायचे, हात सरळ झाला की उभे राहायचे. सव्वा क्विंटलचे पोते एका हातावर तोलले असे समजा. हलक्या डंबेल्सनी असली ताकद येत नाही.

लोकांना वजन नको, अंग पाहिजे

१८९३ साली सँडो अमेरिकेला गेला. शिकागोत तेव्हा मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. फ्लोरेन्झ झीगफेल्ड नावाच्या तरुणाने त्याचे खेळ लावले. पुढे हाच झीगफेल्ड अमेरिकेतल्या नाटक-तमाशाच्या धंद्यातले मोठे नाव झाला. झीगफेल्डच्या एक गोष्ट लक्षात आली. वजन उचलल्यावर टाळ्या पडायच्या, पण सँडो नुसता उभा राहून दंड, पोट, पाठ आवळून दाखवायचा तेव्हा लोक जास्त बघायचे. मग खेळात वजने कमी झाली आणि अंग दाखवणे वाढले. सँडो अंगाला पांढरी पावडर लावून संगमरवरी पुतळ्यासारखा उभा राहू लागला. आजच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धांत पोझ देतात, त्याची सुरुवात इथली.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातल्या डॉ. डडली सार्जंट यांनी त्याची शरीरतपासणी केली आणि त्याच्या बांधणीची वाखाणणी केली. १८९४ च्या मार्चमध्ये थॉमस एडिसनच्या स्टुडिओत त्याचे चित्रीकरण झाले. सिनेमा नुकता जन्माला येत होता आणि त्यात सँडो काही सेकंद पोझ देताना दिसतो. ती फिल्म आजही मोबाईलवर बघता येते.

१८९४ सालीच त्याने मँचेस्टरच्या ब्लँच ब्रुक्सशी लग्न केले. त्यांना पुढे दोन मुली झाल्या.

तक्ता आणि डंबेल्सचा धंदा

१८९७ साली सँडोने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामशाळा काढली. ही तालीम म्हणजे माती आणि घामाचा वास नव्हे. गालिचे, आरसे, शिक्षक, सगळा थाट. आलेल्या माणसाची आधी मापे घेत. छाती, दंड, मांडी, पोटरी, सगळे कार्डावर लिहीत. त्याप्रमाणे व्यायाम ठरवून देत आणि काही दिवसांनी पुन्हा मापे घेत. ही मोजणीची शिस्त त्याची मोठी देणगी आहे. आज किती जण जिमला जाताना वही नेतात?

जे लंडनला येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी टपालाने शिकवणी सुरू झाली. त्याच वर्षी ताकद कशी मिळवावी यावर त्याचे पुस्तक निघाले. त्यात तक्ते होते. वयाप्रमाणे गट पाडलेले, कोणता व्यायाम, किती वेळा, आकडा कधी वाढवायचा, सगळे छापलेले. १८९८ मध्ये त्याने व्यायामावरचे मासिक काढले. नंतर स्प्रिंगचे डंबेल्स विकायला आणले. डंबेल दोन भागांत असायचा, मध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ आवळून दोन्ही भाग जवळ धरायचे. जोर वाढला की स्प्रिंगा वाढवायच्या.

सँडोचे म्हणणे असे की वजन किती हे महत्त्वाचे नाही, ज्या स्नायूला काम देतोय तिथे मन लावा. आरशासमोर उभे राहा, अंग आवळून व्यायाम करा, घाई करू नका. यात तथ्य आहेच. ध्यान दुसरीकडे ठेवून हात हलवणाऱ्याला काही मिळत नाही. त्याच्या पुस्तकात जड वजने उचलण्याचाही भाग होता. पण खप झाला तो हलक्या डंबेल्सचा. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या कारकुनाला रोज घरात थोडा वेळ दोन-सव्वादोन किलोचे डंबेल्स हलवून सँडोसारखे व्हायचे होते, आणि जाहिरातीत फोटो सँडोचाच असायचा.

हलक्या डंबेल्सनी फायदा होत नव्हता का? होत होता. कधीच व्यायाम न केलेल्या माणसाला सुरुवातीला कशानेही फरक पडतो. अंग मोकळे होते, दम वाढतो, दंडाला थोडा आकार येतो. पण काही महिन्यांनी प्रगती थांबते. दोन किलोचे डंबेल शंभरदा हलवता यायला लागले, की पुढे दीडशेदा हलवून दम वाढेल, ताकद फारशी वाढणार नाही. स्नायूवर पूर्वीपेक्षा जास्त ओझे पडल्याशिवाय तो आणखी जाड आणि आणखी जोरकस व्हायला तयार होत नाही.

औंधच्या राजांची दहा वर्षे

सँडोची लाट आपल्याकडे किती लवकर पोचली याचा दाखला सातारा जिल्ह्यातल्या औंधचा. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधने आणि पुस्तके मागवली. तेव्हा ते तिशीच्या आत होते. त्यांनी चार दिवसांची हौस केली नाही. सँडोने सांगितले तसे तब्बल दहा वर्षे नेमाने केले.

पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग जन्मभर त्याचाच प्रसार केला. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, पुस्तक लिहिले. नमस्काराला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, बाई-माणूस, लहान-थोर कुणीही घरात करू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. १९५१ साली वयाच्या ८० वर्षांनंतर ते वारले.

राजेसाहेबांना आरोग्य पाहिजे होते, साऱ्या प्रजेचे. त्यासाठी त्यांनी योग्य ते निवडले. ज्याला दंड-मांड्या भरायच्या आहेत, पाठीवर ओझे पेलायचे आहे, त्याला नमस्काराबरोबर वाढते वजनही लागेल. आधी आपल्याला काय हवे ते ठरवायचे आणि मग व्यायाम. राजेसाहेबांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे चिकाटी. आवडले नाही म्हणून दर पंधरवड्याला तक्ता बदलला असता, तर दहा वर्षांत त्यांना काहीच कळले नसते.

पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा

१४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने मोठी स्पर्धा भरवली. इंग्लंडभरच्या प्रांतांत आधी निवड झाली होती. हॉल भरून गेला. पंच म्हणून शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल बसले होते. निकाल अडला तर शेवटचा शब्द सँडोचा. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला आणि त्याला सँडोचा सोन्याचा पुतळा मिळाला. त्याच पुतळ्याच्या धर्तीवरची ट्रॉफी १९७७ पासून मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला देतात.

या स्पर्धेत नुसता ज्याचा दंड मोठा तो पहिला, असा हिशोब नव्हता. सगळ्या अंगाची वाढ सारखी आहे का, स्नायू घट्ट आहेत का, तब्येत कशी आहे, कातडी निरोगी आहे का, हे सगळे बघत. रोज छाती आणि दंडच मारणाऱ्या, पायाच्या दिवशी दांडी मारणाऱ्या पोरांना त्या दिवशी बक्षीस मिळाले नसते.

बघणाऱ्याने ओळखले

शिकागोच्या प्रदर्शनात १८९३ साली सँडोचा खेळ बघणाऱ्यांत अ‍ॅलन कॅल्व्हर्ट नावाचा एक तरुण होता. सँडोसारखे अंग कमवायचे त्याने मनावर घेतले आणि त्याच्या लक्षात आले की हलक्या डंबेल्सनी ते जमणार नाही. जड वजन पाहिजे आणि ते हळूहळू वाढवता आले पाहिजे. पण अशी बारबेल सामान्य माणसाला बाजारात सहज मिळत नव्हती. म्हणून १९०२ साली त्याने फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली.

कॅल्व्हर्टने बारबेलबरोबर जो तक्ता दिला, तो आजच्या चांगल्या प्रोग्रॅमचा पाया आहे. सोसेल असे वजन घ्यायचे आणि समजा पाच वेळा उचलायचे. दर काही दिवसांनी एक वेळ वाढवायची. दहा वेळा नीट जमले की वजन थोडेसे वाढवायचे आणि पुन्हा पाचवर यायचे. आधी आकडा वाढतो, मग वजन वाढते. बैल गाडीला जुंपताना आधी रिकामी गाडी, मग अर्धी भरलेली, मग पूर्ण, तसेच हे. अटिलाने ब्रुसेल्सच्या तालमीत सँडोकडून जे करून घेतले, त्याच वाटेवरचा हा तक्ता.

शेवटची वर्षे

१९०४-०५ मध्ये सँडो जगाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा भारतातही आला. मुंबई, कलकत्त्यात त्याचे खेळ झाले. अंगाला घट्ट बसणारा बिनबाह्यांचा कपडा त्याच्याच नावाने आपल्याकडे रुळला. १९०६ साली तो ब्रिटिश नागरिक झाला. १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याला व्यायामाचा खास प्राध्यापक म्हणून मान दिला.

मग त्याने ताकदीचा कोको काढला. त्या काळची पावडरच म्हणा ना. डब्यावर नाव सँडोचे. थोडे दिवस बरे चालले, पण पहिले महायुद्ध पेटले, जर्मन म्हणून जन्मलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघू लागले आणि कोकोचा धंदा बुडाला. ज्याने दोन हातांनी नाव कमावले, त्याचा पैसा डब्यात गेला.

१४ ऑक्टोबर १९२५ ला लंडनमध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी सँडो वारला. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने ओढून काढली आणि त्याने मेंदूत रक्तस्राव झाला, अशी बातमी पसरली. हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटली असावी, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले. पत्नीने त्याला पटनी व्हेल दफनभूमीत पुरले आणि कबरीवर नावाचा दगडही लावला नाही. सगळ्या जगाला ज्याचे नाव माहीत, त्याची कबर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ बेवारशी होती. २००२ मध्ये एका चाहत्याने तिथे पहिला दगड बसवला.

तक्ता निवडताना काय बघायचे

टेस्टोस्टेरॉन हे औषध प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाले १९३५ साली, म्हणजे सँडो गेल्यावर दहा वर्षांनी. त्याचे अंग इंजेक्शनचे नव्हते. आज तालुक्याच्या गावात कुणी तीन महिन्यांत अंग भरून देतो म्हणून सुई पुढे केली, तर हृदय, लिव्हर आणि किडनी पणाला लागते हे लक्षात ठेवावे.

मोबाईलवर व्यायामाचे तक्ते ढिगाने मिळतात. फोटोतल्या माणसाने स्वतः काय केले आणि तो आपल्याला काय विकतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चांगला तक्ता ओळखायला फार शिक्षण लागत नाही. त्यात वजन केव्हा आणि किती वाढवायचे हे लिहिलेले पाहिजे. बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, छातीवरून आणि डोक्यावर ढकलणे, अंगाकडे ओढणे, असे सगळ्या अंगाचे मोठे व्यायाम पाहिजेत. ताकद हवी असेल तर जड वजन, तीन ते सहा वेळा आणि मध्ये चांगला दम. आकार हवा असेल तर मध्यम वजन, आठ ते बारा वेळा, शेवटची एक-दोन जड जातील इतके, आणि सेट जास्त. पहिले वर्षभर नवख्याला दोन्ही एकाच साध्या तक्त्यातून मिळते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस पुरे, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत.

खुराकाचा हिशोबही सोपा आहे. अंग भरायचे असेल तर वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. ६० किलोच्या गड्याला ९०-१०० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, वर डाळ, दूध, हरभरा, मटकी. बरेचसे घरातच आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल त्याने मात्र आधी डॉक्टरला विचारावे आणि जड वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये.

आणि एक वही ठेवावी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. सँडोच्या व्यायामशाळेतल्या त्या कार्डासारखी. सहा महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून बघावे. आकडे वाढले असतील तर तक्ता बरोबर आहे, मग तो कुणीही दिलेला असो.